जँगोमधल्या स्टॅटिक फाइल्स: जुनं सीएसएस ब्राउझरला सोडायला कसं लावायचं

सीएसएसमध्ये बटणाचा रंग बदलला, डिप्लॉय केलं, आपल्या लॅपटॉपवर हिरवं बटण दिसलं. दोन तासांनी ग्राहकाचा स्क्रीनशॉट येतो: बटण निळंच, आणि नवा फॉर्म एका बाजूला घसरलेला. त्याच्या ब्राउझरने जुन्या सीएसएसची प्रत स्वतःच्या साठ्यात, म्हणजे कॅशेत, ठेवलेली असते. त्याला ‘कॅशे साफ करून बघा’ असं सांगून भागत नाही. एकाने कळवलं म्हणून कळलं. बाकीचे काही न बोलता साइट बंद करून जातात.

यावरचा पक्का उपाय एकच आहे. फाइलच्या आतलं एक अक्षर जरी बदललं, तरी फाइलचं नाव बदललं पाहिजे. नाव नवं म्हणजे ब्राउझरच्या लेखी फाइलच नवी, मग तो ती मागवतोच. आणि नाव तेच असेल तर आतला मजकूरही तोच असणार याची खात्री असते, म्हणून ती फाइल वर्षभर कॅशेत राहिली तरी काही बिघडत नाही. पायथनच्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये स्टॅटिक फाइल्ससाठी (सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं, फाँट) हे सगळं तयार मिळतं, पण सुरुवातीला ते बंद असतं आणि चालू करताना चारपाच ठिकाणी हमखास अडखळायला होतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत.

लिहिण्याबद्दल एक खुलासा: सेटिंग, कमांड आणि फाइल्सची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत येतात. सेटिंगची नावं मोठ्या अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर देऊन.

काय काय हाताशी हवं

- जँगो ४.२ किंवा त्यापुढची आवृत्ती
- डीबग (विकासाच्या वेळी चुका तपशिलाने दाखवणारी सेटिंग) बंद असलेली, प्रत्यक्ष सर्व्हरसाठीची सेटिंग फाइल
- फाइल्स पाठवायला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, किंवा तो नको असेल तर व्हाइटनॉइज हे पायथनचं पॅकेज
- सर्व्हरवर टर्मिनल आणि कर्ल (टर्मिनलमधून पत्ता मागवायची कमांड)
- ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब

१. तीन सेटिंगमधला फरक आधी डोक्यात पक्का करा

नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो, कारण तिन्ही नावं सारखी वाटतात.

‘स्टॅटिकफाइल्स_डर्स’ म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइल्स जिथे आहेत ते फोल्डर. तुम्ही हात लावायचा तो इथे. ‘स्टॅटिक_रूट’ म्हणजे सगळीकडच्या फाइल्स गोळा होऊन जिथे पडतात ते फोल्डर; तिथे हाताने काहीही ठेवायचं नाही आणि ते गिटमध्येही घालायचं नाही. ‘स्टॅटिक_यूआरएल’ हे फोल्डरच नव्हे, तो पत्त्याचा सुरुवातीचा भाग आहे. बहुतेक वेळा नुसता ‘/स्टॅटिक/’.

पहिल्या दोन्हींना एकच फोल्डर दिलं तर जँगो ‘स्टॅटिकफाइल्स ई००२’ या क्रमांकाची चूक दाखवतो. त्यातून सुटका म्हणून बरेच जण एक ओळ पुसून टाकतात आणि मग फाइल्सच सापडत नाहीत. ओळ पुसू नका, फोल्डर दोन ठेवा: स्रोताचं ‘ॲसेट्स’ आणि गोळा करण्याचं ‘स्टॅटिकफाइल्स’. नावं इतकी वेगळी असली की पुढे चूक होत नाही.

लोकांनी अपलोड केलेले फोटो आणि पीडीएफ यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘मीडिया_रूट’ आहे आणि ते फोल्डर पूर्णपणे वेगळं असलं पाहिजे.

२. ॲपच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये ॲपच्या नावाचं आणखी एक फोल्डर करा

‘दुकान’ नावाच्या ॲपमध्ये ‘स्टॅटिक’ फोल्डर आणि त्यात थेट ‘स्टाइल.सीएसएस’ ठेवली, आणि ‘बातम्या’ ॲपमध्येही तसंच केलं, तर गोळा करताना दोन्हींचा मार्ग एकच होतो. जँगो जी आधी सापडेल ती घेतो आणि दुसरी सोडून देतो. म्हणून ‘स्टॅटिक/दुकान/स्टाइल.सीएसएस’ अशी जागा द्या. एक फोल्डर जास्तीचं वाटतं, पण त्याला पर्याय नाही.

कोणती फाइल घेतली जाते याची शंका आली तर ‘फाइंडस्टॅटिक’ कमांडला तिचा मार्ग द्या. ती जुळणाऱ्या सगळ्या जागा क्रमाने दाखवते. पहिली असेल ती खरी.

३. टेम्प्लेटमध्ये पत्ता हाताने लिहू नका

टेम्प्लेटच्या सुरुवातीला ‘लोड स्टॅटिक’ करा आणि प्रत्येक फाइलचा पत्ता ‘स्टॅटिक’ टॅगमधून घ्या. ‘/स्टॅटिक/दुकान/लोगो.पीएनजी’ असा पत्ता थेट टंकला तर आज चालेल. पण पुढच्या टप्प्यात नावं बदलायला लागतील तेव्हा तो जुन्या नावालाच चिकटून राहील.

सीएसएसमधले यूआरएल आणि इम्पोर्ट जँगो स्वतः बदलतो, तिथे टॅग लागत नाही. जावास्क्रिप्टमधली स्ट्रिंग मात्र तो बदलत नाही. स्क्रिप्टला एखादं चित्र लागत असेल तर त्याचा पत्ता टेम्प्लेटमधल्या एचटीएमएल घटकाच्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये टॅगने लिहा आणि स्क्रिप्टने तिथून वाचावा. जावास्क्रिप्टच्या एका फाइलने दुसरी इम्पोर्ट केली असेल तर तेही मार्ग आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी वेगळी सोय आहे, पण ४.२ पासून ती मुद्दाम चालू करावी लागते. मोठा फ्रंटएंड असेल तर ते काम बंडलरवरच (अनेक स्क्रिप्ट एकत्र बांधणारं साधन) सोपवा.

४. मॅनिफेस्ट स्टोरेज चालू करा

‘स्टोरेजेस’ या सेटिंगमध्ये ‘स्टॅटिकफाइल्स’ या किल्लीला ‘मॅनिफेस्टस्टॅटिकफाइल्सस्टोरेज’ द्या. याने प्रत्येक फाइलचा एमडी५ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढला जातो आणि त्याची पहिली १२ चिन्हं नावात बसवली जातात. ‘स्टाइल.सीएसएस’ची ‘स्टाइल.४०७१८३९२६५५४.सीएसएस’ होते. (हॅशमध्ये अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरंही येतात.) मूळ नावाची प्रतही शेजारी राहते. कोणत्या मूळ नावाचं कोणतं नवं नाव झालं याची यादी ‘स्टॅटिकफाइल्स’ नावाच्या जेसन फाइलमध्ये लिहिली जाते. ही यादी म्हणजेच मॅनिफेस्ट, आणि ‘स्टॅटिक’ टॅग तीच बघून पत्ता देतो.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला: ‘स्टोरेजेस’ लिहिताना त्यात ‘डीफॉल्ट’ ही किल्लीही लागते. ती विसरली तर स्टॅटिक फाइल्स नीट चालतात आणि कुणी फोटो अपलोड करायला गेलं की साइट कोसळते.

दुसरा जास्त वाईट, कारण तो आवाजच करत नाही. जुन्या लेखांत ‘स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज’ ही सेटिंग दिसेल. ४.२ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये, ती मोडीत काढायचं जाहीर झालं आणि ऑगस्ट २०२४ च्या ५.१ मध्ये ती गेली. आता ती लिहिली तर कोणतीही चूक येत नाही. जँगो तिच्याकडे नुसतं दुर्लक्ष करतो. साइट चालते, सीएसएस दिसतं, फक्त नावात हॅश नसतो. आवृत्ती वाढवल्यावर ‘ग्राहकांना जुनं का दिसतंय’ हा प्रश्न परत आला, तर सगळ्यात आधी ही ओळ शोधा.

डीबग चालू असताना टॅग मूळ नावच देतो. म्हणजे विकासाच्या मशीनवर हॅश दिसला नाही म्हणून घाबरू नका, आणि तिथे सगळं नीट दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

५. ‘कलेक्टस्टॅटिक’ चालवा आणि तो काय म्हणतो ते वाचा

सगळ्या फाइल्स स्टॅटिक_रूटमध्ये गोळा करणारी ही कमांड पहिल्यांदा स्वतःच्याच मशीनवर, डीबग बंद करून चालवा. सर्व्हरवर येणाऱ्या बहुतेक चुका इथेच सापडतात.

‘मिसिंग स्टॅटिकफाइल्स मॅनिफेस्ट एन्ट्री’ असा व्हॅल्यूएरर आला आणि पान ५०० (सर्व्हरची चूक) देतंय, तर टॅगमध्ये दिलेलं नाव यादीत नाही. कारणं ठरलेली असतात: कलेक्टस्टॅटिक चालवायचं राहिलं, मार्गाच्या सुरुवातीला तिरकी रेघ पडली, किंवा नावातल्या अक्षरांचा आकार जुळत नाही. ‘लोगो’चं पहिलं अक्षर फाइलमध्ये मोठं आणि टेम्प्लेटमध्ये लहान असेल तर डीबग चालू असताना विंडोज आणि मॅकवर सहसा खपून जातं, मॅनिफेस्टला आणि लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं ठरतात. ही कडक तपासणी बंद करता येते, पण ती बंद केली की हरवलेली फाइल दिसायची थांबते आणि पान चित्राविनाच ग्राहकापर्यंत पोचतं. चालू राहू द्या.

कलेक्टस्टॅटिक स्वतःच मध्येच थांबला आणि ‘अमुक डॉट मॅप फाइल सापडली नाही’ म्हणाला, तर दोष बाहेरून आणलेल्या लायब्ररीचा असतो. तिच्या जावास्क्रिप्टच्या किंवा सीएसएसच्या शेवटी सोर्स मॅपचा (दाबलेला कोड मूळ कोडशी जोडणारी फाइल) उल्लेख आहे आणि ती मॅप फाइल तुम्ही कॉपी केलेली नाही. मॅप फाइल आणून ठेवा किंवा ती शेवटची ओळ काढा.

टेस्ट चालवताना जँगो डीबग बंदच ठेवतो, त्यामुळे तिथेही हीच मॅनिफेस्टची चूक येते. टेस्टच्या सेटिंगमध्ये साधं ‘स्टॅटिकफाइल्सस्टोरेज’ द्या.

एक बारीक गोष्ट: कलेक्टस्टॅटिक फाइल कॉपी करायची की नाही हे तारखेवरून ठरवतो, मजकुरावरून नाही. गोळा केलेली प्रत स्रोतापेक्षा नवी असेल तर तो ती फाइल सोडून देतो. बॅकअपमधून मागची आवृत्ती जुन्या तारखांसकट परत आणली की नेमकं हेच होतं: कोड जुना, सीएसएस नवं. अशा वेळी स्रोत फाइल्सना टच कमांडने आजची तारीख द्या. ‘क्लिअर’ पर्यायानेही काम होतं, पण तो आधी सगळं फोल्डर रिकामं करतो. त्यामुळे चालू साइट काही सेकंद सीएसएसविना राहते, आणि जुन्या हॅशच्या ज्या फाइल्स अजून कुणाच्या उघड्या पानाला लागणार असतात त्याही जातात.

६. फाइल्स कोण पाठवणार ते ठरवा

डीबग बंद झालं की जँगो स्टॅटिक फाइल्स पाठवत नाही. रनसर्व्हरला ‘इनसिक्युअर’ पर्याय देऊन ते चालवता येतं, पण त्या पर्यायाच्या नावातच इशारा आहे.

छोट्या साइटला व्हाइटनॉइज पुरतं, आणि नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मिडलवेअरच्या (प्रत्येक विनंती ज्या टप्प्यांतून जाते ते) यादीत त्याची ओळ ‘सिक्युरिटीमिडलवेअर’च्या लगेच खाली टाका, खाली कुठेतरी टाकली तर प्रत्येक सीएसएससाठी सेशनपासून सगळी यंत्रणा हलते. स्टोरेज म्हणून त्याचंच ‘कॉम्प्रेस्डमॅनिफेस्टस्टॅटिकफाइल्सस्टोरेज’ घ्या. मग कलेक्टस्टॅटिकच्या वेळीच जीझिपने दाबलेल्या प्रती तयार होतात, आणि ब्रॉटलीचं पॅकेज असेल तर त्याही. हॅश असलेल्या फाइल्सना ते ३१,५३,६०,००० सेकंद, म्हणजे दहा वर्षांची मुदत देतं आणि हॅश नसलेल्यांना फक्त ६० सेकंद. फाइल्सची यादी ते सुरू होतानाच वाचून ठेवतं, म्हणून कलेक्टस्टॅटिकनंतर ॲप्लिकेशन परत सुरू करावंच लागतं.

एन्जिनएक्स वापरणार असाल तर लोकेशनमध्ये ‘एलियस’ने स्टॅटिक_रूटचा पूर्ण मार्ग द्या. इथली एक चूक जीवघेणी आहे. लोकेशन लिहिताना शेवटची तिरकी रेघ राहिली (‘/स्टॅटिक’) आणि एलियसला ती असली, तर कुणीही ‘/स्टॅटिक../सेटिंग्ज.पाय’ असा पत्ता टाकून एक पायरी वरच्या फोल्डरमधली फाइल वाचू शकतो. तिथे तुमची सिक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो. दोन्ही ठिकाणी शेवटी रेघ द्या, आणि दिल्यावर तो पत्ता स्वतः टाकून बघा. ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, यायला हवा.

नेहमीच्या सगळ्याच फाइल्सना ४०३ (मनाई) येत असेल तर परवानगीचा प्रश्न आहे. प्रोजेक्ट होम फोल्डरमध्ये असतो आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळे एन्जिनएक्सचा युजर आत शिरूच शकत नाही. फाइलला ७७७ देऊन काही होत नाही, कारण वाट वरच अडलेली असते. स्टॅटिक_रूट ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’खाली हलवा.

जीझिप चालू केलं तरी एन्जिनएक्स मूळ सेटिंगमध्ये फक्त एचटीएमएल दाबतो. सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि एसव्हीजी हे प्रकार ‘जीझिप_टाइप्स’मध्ये लिहावे लागतात.

७. कॅशेची मुदत: हॅश असेल तर वर्ष, नसेल तर मिनिटं

हॅश असलेल्या फाइलला ‘कॅशे-कंट्रोल’ हेडरमध्ये ‘पब्लिक, मॅक्स-एज ३१५३६०००, इम्युटेबल’ द्या. हे सेकंद ३६५ दिवसांचे. हॅश नसलेल्या फाइलला ३०० सेकंद पुरे. दोन्ही प्रती एकाच फोल्डरमध्ये असल्याने सगळ्या फोल्डरला एक वर्ष देऊन टाकण्याचा मोह होतो. मग टॅग न वापरलेली एखादी राहून गेलेली फाइल वर्षभर छळते. एन्जिनएक्समध्ये ‘मॅप’ ब्लॉक करा: पत्त्यात टिंब, १२ हेक्स चिन्हं आणि परत टिंब असेल तर लांब मुदत, एरवी छोटी. हा नमुना रेजेक्सने लिहितात आणि त्या रेजेक्समध्ये महिरपी कंस येतात, म्हणून ती अवतरण चिन्हांत ठेवा, नाहीतर एन्जिनएक्स सुरूच होत नाही.

‘ॲड_हेडर’ला ‘ऑलवेज’ जोडू नका. त्याच्याविना हे हेडर यशस्वी उत्तरांना आणि रीडायरेक्टसारख्या ठरावीक उत्तरांनाच लागतं. ‘ऑलवेज’ असेल तर ४०४ लाही वर्षाची मुदत मिळते आणि नंतर फाइल जागेवर आली तरी ब्राउझर ‘नाही’च म्हणत राहतो. शिवाय लोकेशनमध्ये एक जरी ‘ॲड_हेडर’ लिहिलं, तरी वरच्या ब्लॉकमधलं एकही ‘ॲड_हेडर’ तिथे लागू होत नाही. सुरक्षेची हेडर परत लिहा.

आता एचटीएमएल. नव्या फाइलचं नाव ब्राउझरला पानातूनच कळतं, म्हणून पान जुनं राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया. पानांना ‘नो-कॅशे’ द्या. नावावरून उलट वाटतं, पण ‘नो-कॅशे’चा अर्थ ठेवा, मात्र दर वेळी वापरण्याआधी सर्व्हरला विचारा. अजिबात ठेवू नका असं सांगायचं तर ‘नो-स्टोअर’. हेडर दिलंच नाही आणि उत्तरात ‘लास्ट-मॉडिफाइड’ असेल, तर ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने मुदत ठरवतो. तो अंदाज तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

८. डिप्लॉयचा क्रम

आधी स्टॅटिक फाइल्स, मग कोड. उलटं केलं तर नवं पान नव्या हॅशची फाइल मागतं आणि ती अजून पोचलेली नसते. मध्ये सीडीएन (फाइल्सच्या प्रती ठेवून त्या पाठवणारं सर्व्हरचं जाळं) असेल तर तो ४०४ तिथे साठून राहू शकतो आणि फाइल आल्यावरही लोकांना मिळत नाही. दोन-तीन सर्व्हर असतील तर कलेक्टस्टॅटिक सगळीकडे पूर्ण झाल्याशिवाय एकाही सर्व्हरवर नवा कोड चालू करू नका. जुन्या हॅशच्या फाइल्स निदान काही आठवडे तशाच राहू द्या. कुणाच्या फोनवर कालचं पान उघडं असतं.

डॉकरमध्ये कलेक्टस्टॅटिक इमेज बनतानाच चालवा. त्या वेळी सिक्रेट की नसते, तर तेवढ्या पायरीपुरती खोटी द्या. एन्जिनएक्सला फाइल्स मिळाव्यात म्हणून स्टॅटिक_रूटवर नाव दिलेला व्हॉल्यूम लावतात, तिथे सांभाळा: असा व्हॉल्यूम इमेजमधून फक्त रिकामा असतानाच भरला जातो. दुसऱ्या डिप्लॉयला नवी इमेज येते, व्हॉल्यूममध्ये मात्र पहिल्याच दिवशीच्या फाइल्स. कंटेनर सुरू होताना कलेक्टस्टॅटिक चालवा, किंवा व्हाइटनॉइज घेऊन व्हॉल्यूम काढूनच टाका.

९. मराठी साइट असेल तर फाँट आणि फाइलची नावं

देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांसाठी शेकडो जादा आकृत्या असतात, त्यामुळे साइटवरच्या जड फाइल्समध्ये तो असतोच. वर्षभराच्या कॅशेचा सर्वात मोठा फायदा त्यालाच मिळतो. डब्ल्यूओएफएफ२ प्रकार वापरा आणि फाँट सीएसएसमधल्या यूआरएलने घ्या, म्हणजे त्यालाही हॅश लागतो. प्रीलोड करत असाल तर पत्ता ‘स्टॅटिक’ टॅगमधून घ्या आणि ‘क्रॉसओरिजिन’ लिहा. यातलं एक जरी राहिलं तरी तोच फाँट दोनदा उतरतो. फाँट वेगळ्या डोमेनवरच्या सीडीएनवरून येणार असेल तर तिथून ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’ हेडर यायला हवं, नाहीतर ब्राउझर तो वापरतच नाही.

युनिकोड-रेंज (फाँट कोणत्या अक्षरांना लावायचा ते सांगणारी सीएसएसची ओळ) लिहिताना ०९०० ते ०९७एफ एवढ्यावर थांबू नका. २००सी आणि २००डी ही न दिसणारी जोडचिन्हंही घ्या. ‘ॲ’ जुन्या पद्धतीने टंकताना त्यातलं दुसरं वापरलेलं असतं. रुपयाचं चिन्ह २०बी९ वर आहे.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवू नका. ‘दुसऱ्या-पानाचं-चित्र’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ एका कोडचाही असू शकतो (०९३१) किंवा ‘र’ अधिक नुक्ता अशा दोन कोडचाही. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. लिनक्सला ती दोन वेगळी नावं आहेत, आणि मॅनिफेस्टलाही. टेम्प्लेट एका कळफलकावर टंकलं आणि फाइलला नाव दुसऱ्यावर दिलं, की चूक शोधण्यात अख्खी दुपार जाते. रोमन लहान अक्षरं, अंक आणि मधली रेघ एवढंच वापरा.

१०. तपासून घ्या

कर्लने फक्त हेडर मागवा, तीन पत्त्यांची: मुख्य पान, हॅश असलेली सीएसएस, आणि मुद्दाम चुकीचा हॅश घातलेली सीएसएस. पहिल्याला ‘नो-कॅशे’, दुसऱ्याला २०० आणि लांब मुदत, तिसऱ्याला ४०४ आणि लांब मुदत नाही, असं दिसायला हवं. जीझिप बघायचं तर विनंतीत ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ द्यावं लागतं. ते न देता ‘जीझिप चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

मग ब्राउझरमध्ये नेटवर्क टॅब उघडा. ‘डिसेबल कॅशे’ची खूण काढलेली आहे ना, ते आधी बघा. साइटवरच्या एका दुव्यावरून दुसऱ्या पानावर जा. सीएसएस आणि फाँटच्या ओळींत आकाराच्या जागी मेमरी कॅशे किंवा डिस्क कॅशे असं दिसेल. तिथे ३०४ दिसला तर फाइल परत उतरत नाहीये, पण दर वेळी सर्व्हरला विचारलं जातंय, म्हणजे लांब मुदतीचं हेडर पोचलेलं नाही. आता सीएसएसमध्ये एक रंग बदला, डिप्लॉय करा आणि कॅशे साफ न करता पान उघडा: नव्या हॅशची ती एक सीएसएस नेटवर्कवरून यायला हवी, आणि फाँट, लोगो, बाकीच्या स्क्रिप्ट पूर्वीसारख्याच कॅशेतून.